दोन बेडकांची पैसेवारी

मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर रात्रीं ओटीवर बसलें असतां शेताकडून जो आवाज येतो, तो ऐकला नाहीं असा शेतकरी आमच्या वाचकांत क्वचितच असेल. त्या आवाजाची आपणांस इतकी संवय झालेली असते कीं, तो बंद पडला म्हणजेच तो होता हें ध्यानांत येतें. गेल्या ज्येष्ठांत आमच्या घराखालच्या शेतांत असेंच झालें. पाऊस झाला, खाचरें भरलीं, परंतु पहिल्या दोन रात्रीं शेत मुकें राहिलें. तिसऱ्या रात्रीं एका कोपऱ्यांतून बेडूक बोलूं लागले. तो कोपरा म्हणजे दीड गुंठ्याचें एक डबकें. आमच्या सातबाऱ्यावर त्याची नोंद 'पोटखराबा' अशी आहे. तें डबकें भरून टाकून लागवडीस आणावें असें आमच्या धाकट्या बंधूंच्या व आमच्या विचारानें उन्हाळ्यांतच ठरलें होतें. मातीसाठीं ट्रॅक्टरही सांगून ठेवला होता. पाऊस चार दिवस आधीं आला, म्हणून काम राहिलें.

तें राहिलेलें काम आम्हीं पुढेंही कां केलें नाहीं, हें सांगण्याकरितां हा लेख लिहीत आहों. आमची विद्या मराठी सातवीपुरती व नोकरी महसूल खात्यांत कारकुनाची. प्राणिशास्त्राचा अधिकार आमच्याकडे नाहीं. परंतु नोंद कशी वाचावी, व रकान्यांत लिहिलेल्या एका शब्दामागें काय काय दडलेलें असतें, एवढें कारकुनास वयोमानानें कळूं लागतें. त्या दृष्टीनें आपल्या शेतांतील दोन बेडकांची हकीकत वाचकांपुढें ठेवतों.

दोघांची ओळख

आपण 'बेडूक' हा एकच शब्द अनेक जातींस लावतों. त्यांत आकारानें सर्वांत मोठा, ज्यास इंग्रजीवरून 'बुलफ्रॉग' म्हणण्याचा प्रघात आहे, तो आपण एकच समजतों. वस्तुतः ते दोन आहेत. पहिल्याचें शास्त्रीय नांव 'होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस'. दोदँ नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८०२ सालीं त्याचें वर्णन केलें व नांवांत वाघ घातला. दुसऱ्याचें नांव 'होप्लोबॅट्रॅकस क्रॅसस'. लॅटिन भाषेंत 'क्रॅसस' म्हणजे जाडा. मद्रास इलाख्यांत डॉक्टरकी करणारे व हिंदुस्थानांतील पक्ष्यांवरील ग्रंथामुळें प्रसिद्ध असलेले जर्डन साहेब यांनीं १८५३ च्या सुमारास त्यास शास्त्राच्या दप्तरीं दाखल केलें. सोयीसाठीं या लेखांत पहिल्यास आम्ही 'मोठा' व दुसऱ्यास 'जाडा' म्हणूं. दोघे एका कुळांतले, चुलत भाऊ म्हणावे इतके जवळचे.

मोठा बेडूक लांबीनें सोळा-सतरा सेंटिमीटरपर्यंत भरतो. त्याच्या पाठीवर कातडीच्या लांब लांब घड्या असतात, व बहुधा कण्यावरून एक फिकट रेघ गेलेली असते. मागच्या पायांच्या बोटांमधील पडदा जवळ जवळ टोंकापर्यंत पोंचतो. तो उत्तम पोहणारा आहे. एरवीं शेवाळी-हिरवा दिसणारा नर पहिल्या पावसांत लिंबासारखा पिवळाधमक होतो, व गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या फुगतात. हा रंग फार दिवस टिकत नाहीं. माद्या येऊन अंडीं घालून गेल्या कीं नर पुन्हां आपल्या मातकट वेषांत येतो. ज्यांनीं तो पिवळा रंग प्रथमच पाहिला ते हा कोणी परदेशी प्राणी समजतात. परंतु तो आपल्याच मेरेवरचा नेहमींचा रहिवासी असतो.

जाडा बेडूक याहून आंखूड. तो बहुधा बारा सेंटिमीटरच्या आंतबाहेर असतो, परंतु अंगानें भरदार. पाठीवरच्या घड्या तुटक व मधून मधून फोडांसारखे उंचवटे. बोटांमधील पडदा त्या मानानें तोकडा. मात्र त्याची खरी खूण पाठीवर नसून मागच्या पायाच्या तळव्यास आहे. तेथें आंतल्या बाजूस एक कठीण, धारदार, खुरप्याच्या पात्यासारखा उंचवटा असतो. मोठ्या बेडकासही त्या जागीं उंचवटा असतो, परंतु तो लहान व बोथट.

हा फरक आम्हांस पुस्तकांतून कळला नाहीं. घाटावर आमच्या मेहुण्यांची कोरडवाहू जमीन आहे. चार वर्षांपूर्वीं वैशाखांत तेथें गेलों असतां विहिरीच्या कडेची भुसभुशीत माती काढण्याचें काम चाललें होतें. कुदळीबरोबर हातभर खोलीवरून एक मातीचा गोळा वर आला, व त्या गोळ्यास डोळे निघाले. मुलें म्हणालीं, मेला आहे. मेहुण्यांनीं त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलें. थोड्या वेळानें त्यानें अंग हलवलें, मागचे दोन्ही पाय आळीपाळीनें बाहेरच्या बाजूस फेंकूं लागला, आणि आमच्या देखत पाठमोरा, म्हणजे कुल्ल्यांकडून, पुन्हां मातींत उतरूं लागला. माती त्याच्या दोन्ही अंगांनीं वर चढली व शेवटीं फक्त नाकाचा शेंडा राहिला. तालुक्याच्या कॉलेजांतील प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांस ही हकीकत सांगितली, तेव्हां त्यांनीं तळव्याची ती खूण सांगितली व जाड्या बेडकाचें नांव प्रथम आमच्या कानीं घातलें. त्यानंतर दोघांस निरनिराळे ओळखण्यास आम्ही शिकलों.

या एका खुरप्यामुळें दोघांच्या संसारांत पुष्कळ अंतर पडलें आहे. मोठा बेडूक पाण्याच्या आश्रयानें राहतो. भाताचीं खाचरें, तळीं, ओढ्याचे कांठ हीं त्याचीं गांवें. उन्हाळा तो मेरेच्या बिळांत व ओलाव्याच्या फटींत काढतो. जाडा बेडूक सपाटीच्या, तुलनेनें कोरड्या मुलखांतही टिकाव धरतो, कारण जमिनींत खोल जाऊन उन्हाळा चुकविण्याचें हत्यार त्याच्या पायांतच आहे. मोठ्याची वस्ती पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश व ब्रह्मदेश, ज्यास आतां म्यानमार म्हणतात, येथपर्यंत पसरलेली आहे. जाडा हिंदुस्थानाखेरीज श्रीलंका, नेपाळ व बांगलादेश येथें आढळतो. महाराष्ट्रांत व गोव्यांत दोघेही आहेत.

शेतांतील काम

दोघेही रात्रीचे शिकारी. तोंडांत मावेल व हलत असेल तें सर्व त्यांचें अन्न: टोळ, नाकतोडे, भुंगे, अळ्या, गांडुळें, लहान खेकडे, उंदराचीं पिलें, लहान साप, आणि आपल्याहून लहान बेडूकसुद्धां. यांत शेतकऱ्याचे मित्रही कांहीं मारले जातात हें आम्ही लपवीत नाहीं. कोळी व उपकारक किडे यांची पारख बेडकास नाहीं. परंतु पावसाळ्याच्या रात्रीं शेतांत जी किडींची झुंबड असते तींत पीक खाणारांचाच भरणा अधिक. म्हणून हिशेबाची बाकी शेतकऱ्याच्या बाजूस पडते.

कोंकणांतील भातकऱ्यांस खेकड्यांविषयीं वेगळें सांगावयास नको. खेकडा कोंवळी रोपें कापतो तें एक. परंतु त्याहून मोठें नुकसान तो मेरेस भोंकें पाडून करतो. रात्रींतून खाचराचें पाणी खालच्या शेतांत उतरतें, व सकाळीं वरच्या मालकाची व खालच्या मालकाची जी बोलाचाली होते तिचे कागद पुढें आमच्यासारख्यांच्या टेबलावर येतात. मोठा बेडूक त्याच मेरेवर बसतो व हे खेकडे खातो.

बेडकाच्या पिलांची तऱ्हाही ऐकण्यासारखी आहे. पुष्कळ जातींचीं पिलें शेवाळ खाऊन राहतात. या दोघांचीं पिलें मात्र मांसाहारी. डबक्यांतील डांसांच्या अळ्या, इतर बेडकांचीं पिलें व प्रसंगीं आपलींच भावंडें तीं खातात. दीड-दोन महिन्यांत त्यांची शेपटी जिरते व तीं कांठावर येतात. पाणी आटण्याच्या आंत हें सारें उरकावें लागतें, म्हणून ही घाई. बारमाही पाणी सोडून पावसाळी डबकेंच कां निवडावें, असा प्रश्न आम्हांस पडला होता. त्याचें उत्तर सोपें आहे. जें डबकें उन्हाळ्यांत आटतें त्यांत अंडीं खाणारे मासे नसतात. सातबाऱ्यावर जो निरुपयोगी पोटखराबा, तोच बेडकाच्या दप्तरीं बागायत.

व्यापाराची हकीकत

आतां जी गोष्ट सांगावयाची ती सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. १९८१ सालच्या सुमारास आम्ही चौदा वर्षांचे होतों. पावसाळा लागला कीं आमच्या गांवीं बेडूक घेणारे येत. संध्याकाळीं ते गोणपाटाचीं पोतीं वांटीत व सकाळीं डझनाच्या हिशेबानें पैसे देत. आम्ही मुलें पेट्रोमॅक्सच्या बत्त्या घेऊन खाचरांतून हिंडत असूं. डोळ्यांवर उजेड पडला कीं मोठा बेडूक दिपून जागचा हलत नाहीं. हात घालून उचलावयाचा एवढेंच काम. पिवळे नर तर दुरूनच दिसत. अंडीं घालण्यापूर्वींच ते पोत्यांत जात. त्या पैशांतून आम्हीं वह्या घेतल्या व एक टॉर्चही घेतली.

आमच्या तीर्थरूपांनीं आम्हांस मारलें नाहीं कीं रागें भरलें नाहींत. ते फक्त एवढेंच म्हणाले, "राखणदार विकलास, आतां राखण तूं कर." पुढें तीन-चार पावसाळे मेर फुटण्याचे प्रसंग आमच्या शेतांत वाढले व रात्रीं उठून फावडें घेऊन जाण्याचें काम तीर्थरूपांनीं आमच्याकडेच दिलें. मेरा फुटण्यास केवळ बेडूक गेल्याचेंच कारण झालें असें आम्ही प्रतिज्ञेवर सांगणार नाहीं. पाऊसपाणी, दुरुस्तीची हयगय, अशीं कारणें अनेक असतात. परंतु चिखलांत उभे राहून भोंकांत माती कोंबतांना तें वाक्य आम्हांस आठवे, व अजून आठवतें.

आमच्या गांवापुरती ही गोष्ट नव्हती. देशांतून बेडकांचे गोठविलेले मागचे पाय परदेशीं जात. फ्रान्स, बेल्जियम, अमेरिका हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक. १९८१ सालीं ही निर्यात चार हजार टनांवर गेली. कारकुनी संवयीनें आम्हीं त्याचा हिशेब मांडून पाहिला. चार हजार टन म्हणजे चाळीस लक्ष किलो. एका किलोस पायांच्या दहा जोड्या धरल्या, तर एका वर्षांत चार कोटी बेडूक. बेडूक लहान असले तर आंकडा याहून मोठा. पाय घेऊन उरलेलें धड टाकून देत. पुष्कळदां तो प्राणी जिवंत असतांनाच हें काम होई.

या व्यापारांत मोठा बेडूक होता, जाडा होता, आणि पाणथळींत राहणारा त्यांचा एक हिरवा नातलगही होता. मुंबईचे निसर्गाभ्यासक हुमायून अब्दुलअली यांनीं १९८५ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत या निर्यातीवर लिहिलें व बंदीचा पाठपुरावा केला. बेडूक विकून परकी चलन मिळवावयाचें, व बेडकानें फुकट मारलेल्या किडी मारण्यासाठीं पुन्हां औषधावर खर्च करावयाचा, हा व्यवहार आंतबट्ट्याचा आहे, हा युक्तिवाद त्या काळीं पुढें आला. अखेर १९८७ सालीं हिंदुस्थान सरकारनें ही निर्यात बंद केली. व्यापार मात्र जगांतून उठला नाहीं. तो दुसरीकडे सरकला, व पुढें इंडोनेशियाचें नांव त्यांत सर्वांत वर आलें.

येथें दोन बेडकांच्या नशिबांत एक चमत्कारिक फरक पडला. संकटांत असलेल्या प्राण्यांच्या व वनस्पतींच्या व्यापारावर नजर ठेवणारा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्यास 'साइट्स' म्हणतात, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टांत १९८५ सालीं मोठ्या बेडकाचें व त्या हिरव्या नातलगाचें नांव चढलें. याचा अर्थ असा कीं, परवान्यावांचून त्यांचा देशोदेशीं व्यापार होऊं नये. जाड्याचें नांव मात्र त्या परिशिष्टांत आलें नाहीं. सोललेला, गोठविलेला पाय हातांत घेऊन हा मोठ्याचा कीं जाड्याचा हें कोणता जकातदार सांगूं शकेल? दोन भावांची जमीन एकत्र वहिवाटीची, पण उताऱ्यावर नांव एकाचेंच, अशीं प्रकरणें आम्हीं नोकरींत पुष्कळ पाहिलीं. त्यांत नुकसान बहुधा ज्याचें नांव नाहीं त्याचें होतें. जाड्या बेडकास आज जो आधार आहे तो देशांतील निर्यातबंदीचा व कायद्याचा.

देशांतील कायद्याचें म्हणावें तर हे बेडूक धरून मारणें वा विकणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं गुन्हा समजला जातो. तरी खाण्याची हौस सुटत नाहीं. गोव्यांत बेडकाच्या मांसास 'जंपिंग चिकन', म्हणजे उड्या मारणारी कोंबडी, असें थट्टेचें नांव पडलें आहे, व तेथील वनखात्याच्या लोकांस दर पावसाळ्यांत रात्रीं गस्त घालावी लागते. धरले जाणारे बेडूक नेमके अंडीं घालण्याच्या तयारीनें बाहेर पडलेले असतात, हेंच त्यांतील वाईट. मृगांत बियाण्याची कणगी फोडून खाण्यासारखें तें आहे.

लाल यादी व तिचा अर्थ

कोणता प्राणी नाहींसा होण्याच्या किती जवळ आहे याची एक यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघ ठेवतो. तिला 'लाल यादी' म्हणतात. तींत आमच्या दोन्ही बेडकांपुढें एकच शेरा आहे: 'अत्यल्प चिंता'. म्हणजे चढत्या संकटाच्या पायऱ्यांतील सर्वांत खालची पायरी. प्रदेश विस्तीर्ण, माणसानें बदललेल्या जमिनींतही राहण्याची तयारी, संख्या एकंदरींत मोठी असावी असा अंदाज, या कारणांनीं हा शेरा दिला जातो, व तो चूक आहे असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं.

परंतु हा शेरा वाचून आमचे बंधू म्हणाले, "दादा, सरकारदरबारीं त्यांची चिंता नाहीं, मग आपण कां करावी? आणि सातबाऱ्यावर बेडकाचें नांव कुठें आहे?" या प्रश्नाचें उत्तर देण्यास आम्हांस दोन दिवस लागले. तें असें आहे.

वाचकांस पैसेवारी ठाऊक आहे. गांवांतील कांहीं प्लॉट निवडून पीक मोजावयाचें, त्यावरून सबंध गांवाचा आंकडा काढावयाचा. पन्नास पैशांच्या वर आंकडा गेला कीं गांव सुस्थितींत, खालीं आला कीं टंचाईच्या सवलती. आमच्या हातून अशा याद्या वर्षानुवर्षें गेल्या. गांवाची पैसेवारी साठ लागली म्हणजे नदीकांठच्या ज्या चार नंबरांतील पीक पुरानें नेलें त्यांच्या मालकांच्या घरीं धान्य येतें काय? येत नाहीं. आंकडा खोटा नसतो. तो गांवाचा असतो, शेताचा नसतो. लाल यादीचा शेरा असाच सबंध जातीचा असतो. हिंदुस्थानाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत ती जात टिकेल कीं नाहीं, एवढेंच तो सांगतो. आमच्या घराखालच्या सर्व्हे नंबरांत येत्या मृगांत बेडूक ओरडेल कीं नाहीं, हें त्यांत लिहिलेलें नसतें. आणि खेकडे आमची मेर फोडतात, जातीची नव्हे.

शिवाय बेडूक या वर्गाची एकंदर पैसेवारी चांगली नाहीं. बेडूक व त्यांच्या सोयऱ्या अशा उभयचर प्राण्यांच्या सुमारें आठ हजार जातींची तपासणी होऊन तिचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत शेंकडा एकेचाळीस जाती नष्ट होण्याच्या धोक्यांत असल्याचें दिसून आलें. आपल्याच सह्याद्रींत आंबोलीच्या परिसरांत एक भेक आहे, ज्याचें शास्त्रीय वर्णन २००९ सालीं झालें. त्याचा मुलूख इतका थोडा कीं लाल यादींत त्यास संकटाची सर्वांत वरची पायरी दिलेली आहे. त्या भेकास एक पठार गेलें तर सर्व गेलें. आपल्या दोघां बेडकांस एक डबकें गेल्यानें तसें होत नाहीं. त्यांचें जाणें डबक्या-डबक्यानें होतें, म्हणून कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, नाहीं तर आमचें लिहिणें एकतर्फी होईल. हाच मोठा बेडूक अंदमान बेटांत मूळचा नाहीं. या शतकाच्या आरंभापासून तो तेथें पसरला. मत्स्यबीजाबरोबर त्याचीं पिलें गेलीं असावीं, असें अभ्यासकांचें म्हणणें आहे. तेथें त्याचीं मांसाहारी पिलें बेटांवरील मूळच्या बेडकांचीं पिलें खातात, व मोठे बेडूक कोंबड्यांचीं पिलें व मासे खातात अशा लोकांच्या तक्रारी आहेत. मादागास्कर व मालदीव येथेंही तो माणसाच्या हातूनच गेला आहे. यावरून बेडूक चांगला कीं वाईट असा प्रश्नच चुकीचा ठरतो. आपल्या गांवीं जो राखणदार, तो परक्या गांवीं घुसखोर. जेथला तेथें राहूं देणें, हाच त्यांतील न्याय.

आपण काय करावें

यांत पैशाचें काम थोडें व लक्ष देण्याचें अधिक आहे.

पहिलें, शेतांत वा गांवठाणालगत जें पावसाळी डबकें असेल तें सरसकट भरूं नये, व त्यांत मासेही सोडूं नयेत. बेडकाच्या दृष्टीनें मासे सोडलेलें डबकें व भरलेलें डबकें सारखेंच.

दुसरें, फवारणीचा पंप वा औषधाचे डबे त्या पाण्यांत धुऊं नयेत. बेडकाची कातडी ओलावा शोषून घेणारी आहे. आपणांस थोडें वाटणारें विष त्यास, व त्याहून त्याच्या पिलांस, पुरे होतें. पहिल्या पावसानंतरचे पंधरा-वीस दिवस डबक्यालगतच्या पट्ट्यांत फवारणी टाळतां आली तर टाळावी.

तिसरें, हल्लीं शेततळ्यांस प्लास्टिकचें अस्तर घालतात. त्याच्या गुळगुळीत उतारावरून आंत पडलेल्या प्राण्यास वर येतां येत नाहीं व तो दमून बुडतो. गोणपाट शिवून केलेली एक पट्टी वा गांठी मारलेला जाड दोर कांठापासून पाण्यापर्यंत सोडून ठेवावा. कठडा नसलेल्या विहिरींसही हा उपाय चालेल.

चौथें, मेरेवरचें व बांधावरचें गवत सगळें एकदम जाळूं नये. बेडकास दिवसा दडावयास जागा लागते. बांध आळीपाळीनें साफ केले तरी आपलें काम अडत नाहीं.

पांचवें, मत्स्यबीज आणतांना तें ज्या पाण्यांतून आलें त्यांत बेडकांचीं पिलें नाहींत ना, हें पाहून घ्यावें. व येथलें बीज परमुलखीं पाठवितांनाही तीच खबरदारी घ्यावी.

सहावें, बत्त्या व पोतीं घेऊन कोणी आले तर त्यांस शेतांत पाऊल घालूं देऊं नये, व आपल्या मुलांस त्या कामीं जाऊं देऊं नये. हें सांगण्याचा अधिकार आम्हांस कसा पोंचतो, तें वर लिहिलेंच आहे.

आतां आमच्या डबक्याचें. दीड गुंठा जमीन भरून लागवडीस आणली असती तर आमच्याकडील मानानें सुमारें अर्धा क्विंटल भात पिकलें असतें. माती, ट्रॅक्टर व मजुरी यांचा खर्च वळता करतां पहिलीं कांहीं वर्षें हातांत कांहींच येत नव्हतें. पुढें थोडें आलें असतें. हा हिशेब आम्हीं बंधूंपुढें ठेवला, तरी त्यांचें समाधान झालें नाहीं. त्यांचें म्हणणें, जमीन ही जमीन आहे व ती पिकली पाहिजे. शेतकऱ्यानें असें म्हणणें स्वाभाविक आहे, व त्यांस आम्ही दोष देत नाहीं. शेवटीं दोघांनीं मिळून असें ठरविलें कीं, तीन पावसाळे डबकें तसेंच ठेवावें. दर वर्षीं पहिला आवाज कोणत्या रात्रीं झाला, खाचरांत किती बेडूक दिसले, व मेर किती वेळां फुटली, याची नोंद एका वहींत करावी. आणि तीन वर्षांनीं वही पाहून निर्णय घ्यावा. वही आम्हीं घातली आहे. तींत आजपर्यंत एकाच पावसाळ्याच्या नोंदी आहेत, व एका वर्षाच्या पैसेवारीवर निकाल देणें बरें नाहीं, हें आम्ही जाणतों.

गेल्या श्रावणांत एके रात्रीं पाणी पाहावयास म्हणून बंधू गेले, ते बराच वेळ परत आले नाहींत. आम्ही कंदील घेऊन गेलों, तों ते मेरेवर उकिडवे बसलेले. हातानें त्यांनीं आम्हांस थांबण्याची खूण केली. पुढें चार हातांवर एक मोठा बेडूक होता व त्याच्या तोंडांतून खेकड्याचा एक आंकडा बाहेर लोंबत होता. तो आंत जाईपर्यंत आम्ही दोघे उभे राहिलों. घरीं येतांना बंधू म्हणाले, "वहींत हें कोणत्या रकान्यांत लिहावयाचें?" आम्हीं एक नवीन रकाना आंखला.

वाचकांपैकीं ज्यांच्या शेतांत हे बेडूक असतील त्यांनीं येत्या पावसाळ्यांत एवढें पाहावें: आपल्याकडे मोठा आहे, जाडा आहे, कीं दोघेही; आणि पहिला आवाज कोणत्या तारखेस ऐकूं आला. एका पोस्टकार्डावर मावेल इतकी ही माहिती संस्थेकडे पाठविल्यास आपल्या सभासदांच्या गांवांची बेडकांची पैसेवारी तरी आपणांस स्वतः काढतां येईल. लाल यादी साऱ्या जगाची नोंद ठेवते. आपल्या मेरेची नोंद आपणच ठेविली पाहिजे.